गालगुंडं झालेली बार्ज

गोव्याहून परत आल्यावर शाळेत, गल्लीत, दुधाच्या रांगेत, जो भेटेल त्यानं एकच विचारलं, "काय, समुद्र बघितला?" नाही बघितला. माझ्या भावानं मला समुद्राकडे फिरकूच दिलं नाही. मी बघितलं ते एका मालवाहू बोटीचं पोट, तेही खालून, चिखलात उभं राहून. वर हातोडे चालले होते आणि गंजाचे पापुद्रे माझ्या अंबाड्यात पडत होते. गोव्याला जाऊन असलं काही बघून आलेली कोल्हापुरात बहुधा मी एकटीच, म्हणून लिहिते आहे.

मये

भावाचं नाव दिगंबर, घरात दिगू. बोटींची आखणी शिकला आणि डिचोलीजवळ नदीकाठच्या एका गोदीत नोकरीला लागला. राहतो मयेला, तळ्याच्या अलीकडे. बायको सुलभा पेडण्याकडची, पार्सेची. मी शाळेत शास्त्र शिकवते, त्यामुळे जगात आपलं बोलणं समजणारी ताई एकटीच, अशी दिगूची समजूत आहे. सुलभाचीही तीच समजूत. म्हणून तर तिनं मला बोलावून घेतलं. "वन्सं, थोडे दिवस तुम्ही ऐका. मला तेवढीच सुटी."

गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला त्याच्या पुढचा उन्हाळा. कोंकणी राजभाषा झाली होती, मराठीलाही ओसरीवर जागा ठेवली होती, आणि दोन्हीकडची माणसं अजून फुरंगटलेली होती. मला मात्र पहिल्याच सकाळी भाषेनं गाठलं. बाहेर भोंपू वाजला आणि सुलभा चुलीपाशून ओरडली, "वन्सं, जनेल उघडा, पदेर आला का बघा!" मी फडताळात जनेल नावाचा डबा शोधत राहिले. जनेल म्हणजे खिडकी आणि पदेर म्हणजे पाववाला, हे कळेपर्यंत पाववाला पुढच्या वाड्यावर पोचला होता. आमच्याकडे पाव आजाऱ्याला चहात बुडवून देतात. इथे पदेर चुकला तर घरच आजारी पडतं. दिगूनं तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत कालचीच शिळी पोय, म्हणजे कोंड्याचा पाव, कढवलेल्या हुमणात, माशाच्या आमटीत, बुडवून खाल्ली.

तळं सुंदर आहे. काठावर पायानं चालवायच्या होड्या आहेत आणि त्यांत सहलीला आलेली जोडपी बसतात. लाजत लाजत एकमेकांकडे सरकतात. कुणीही ते बघून हसलं असतं. दिगू कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "बघ, दोघंही एका अंगाला. होडी अरुंद. वजन वर. हे कलंडणार." कलंडलं कुणी नाही. तो जरा हिरमुसलाच.

जेवण झाल्यावर त्यानं सुलभाची मोठी परात घेतली, पाण्यानं अर्धी भरली आणि ती दोन्ही हातांत धरून स्वयंपाकघरातून चालू लागला. पाणी एका कडेला धावलं, परात तिकडेच झुकली, झुकली म्हणून आणखी पाणी धावलं, आणि चुलीपुढे तळं झालं.

"हे दर पाहुण्याला दाखवतात," सुलभा मला म्हणाली आणि फडकं आणायला गेली.

मग त्यानं कणकेचा गोळा लांब लाटून परातीच्या मधोमध बांध घातला, पुन्हा पाणी ओतलं, पुन्हा चालला. या खेपेला पाणी आपापल्या अर्ध्यात हिंदकळलं, सांडलं मात्र थोडंच. "कळलं?" तो म्हणाला. "धुतलेलं बारीक खनिज ओलं असतं. वरून घट्ट दिसतं, पण बोट हलली की पातळ होऊन एका बाजूला धावतं. मधे भिंत घातली की धावून धावून धावेल कुठं?"

हे सगळं एका बार्जवरून चाललं होतं. खाणीवरचं खनिज नदीतून बंदरातल्या मोठ्या जहाजापर्यंत नेणारी, सपाट पोटाची, उघड्या खणाची बोट म्हणजे बार्ज. ही बार्ज बाबूशेठांची. बाबूशेठ सुलभाचे सख्खे मामा. त्यांनी आधी खणाच्या कडांवर पत्रे जोडून त्या उंच केल्या, म्हणजे ढीग उंच रचता येईल. ढीग उंच झाला, वजन वर गेलं, आणि मागच्या वर्षी मांडवीत वळण घेताना बार्ज आडवी झाली. खलाशी पोहून निघाले. सुकाणू धरणारा तांडेल जगन्नाथ, वेंगुर्ल्याकडचा, त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. बाबूशेठांनी देवीला कौल लावला. देवी काय म्हणाली ते ठाऊक नाही, पण विम्याच्या माणसांनी इंजिनिअरला विचारा म्हणून सांगितलं. इंजिनिअर घरचाच निघाला.

गोदी

दुसऱ्या दिवशी मला त्या बार्जच्या पोटाखाली नेण्यात आलं. बेळगावकडचे वेल्डर काम करत होते आणि दिगू एकेका लोखंडाला हात लावून मला सांगत होता. बार्जच्या दोन्ही कुशींना, पाण्याच्या रेषेपाशी, पुढून मागपर्यंत लांबलचक पोकळ पेट्या जोडल्या होत्या. आत हवा, चहूकडून बंद. "एसटीत उभी राहताना तू पाय जुळवून राहतेस की फाकवून? ह्या पेट्या म्हणजे तिनं पाय फाकवले. कलायला लागली की त्या बाजूची पेटी पाण्यात घुसते आणि पाणी तिला वर ढकलतं." खाली, पोट जिथे वळतं तिथे, दोन्हीकडे उभ्या लोखंडी पट्ट्या लावल्या होत्या. त्या पाणी कापत नाहीत, अडवतात, म्हणून डोलणं कमी. आत खणात मधोमध भिंत, परातीतल्या कणकेसारखी. आणि उंच केलेल्या कडा कापून मूळ उंचीवर आणल्या होत्या.

मला सगळं पटलं. एवढ्यात पांढरीशुभ्र पँट चिखलातून सांभाळत बाबूशेठ आले. मनगटावर सोन्याचं घड्याळ, कपाळाला गंध, आणि मागे छत्री धरणारा माणूस. त्यांनी बार्जकडे पाहिलं आणि ते चुकचुकले.

"बाई, तुम्ही मास्तरीण. तुम्हीच सांगा. चांगली सडपातळ बार्ज होती माझी. जांवयान तिका गालगुंडां केली!"

गोदीतले सगळे हसले. दिगूही हसला, पण त्याचे कान लाल झाले. त्या दिवसापासून त्या पेट्यांना सगळे गालगुंडंच म्हणू लागले.

बार्ज पाण्यात उतरल्यावर दिगूनं तिची परीक्षा घेतली. खणात एक लांब ओळंबा सोडला, त्याचं वजन तेलाच्या बादलीत बुडवलं म्हणजे ते उगाच झुलू नये, आणि मग लोखंडाचे ठोकळे एका कडेकडून दुसऱ्या कडेला न्यायला सुरुवात केली. वजन हललं की बार्ज किंचित कलते, ओळंबा किती सरकतो त्यावरून तिचा तोल कळतो. हे काम सगळ्यांनी जागेवर निमूट उभं राहून करायचं असतं. नेमकं तेव्हाच बाबूशेठ विहिणीला, व्याह्यांना आणि भटजींना घेऊन फळीवरून वर चढले. सगळी मंडळी एका बाजूला गर्दी करून पाण्यातले मासे बघू लागली.

"शेठ, जरा खाली थांबा," दिगू म्हणाला.

"म्हज्या बार्जीर म्हाकाच थांब म्हणटा?" शेठ म्हणाले. तेवढ्यात त्यांची नजर ओळंब्यावर गेली. "पळयात! कलली! इतलें लोखंड घालून परत कलली!"

"मीच कलवतोय, शेठ. ती परीक्षाच तशी आहे."

"पयलीं फुकट कलताली," बाबूशेठ व्याह्यांना म्हणाले, "आतां इंजिनियर लावून कलयता."

परीक्षा दुपारी पुन्हा घ्यावी लागली. ओळंबा जेमतेम सरकला. दिगू इतका खूश झाला की त्यानं घरी जाताना सुलभासाठी मोगरा घेतला आणि तो सायकलच्या दांडीवरच विसरला.

बार्ज तयार झाली, पण नाव रंगवायचं राहिलं. रंगारी डबा उघडून बसून होता. देवीचं नाव सातेरी, त्यावर वाद नव्हता. पुढे मराठीत 'प्रसन्न' लिहायचं की कोंकणीत 'पावली', यावर शेठांचा मुनीम आणि गोदीचा हिशेबनीस एकमेकांशी बोलेनासे झाले होते. शेवटी कंटाळून रंगाऱ्यानं नुसतं 'सातेरी' लिहिलं आणि उरलेल्या जागेत एक कमळ काढून टाकलं.

पार्से

त्यानंतरच्या रविवारी आम्ही सुलभाच्या माहेरी गेलो. पार्सेला काजूचा हंगाम सरत आला होता. बोंडांचा आंबूस-गोड वास गावभर, अगदी उशीतसुद्धा. सुलभाच्या वडिलांनी, बाप्पांनी, मला एक पेला पुढे केला. "नीरो. मुळीच चडत ना." रस गोड होता. दिगूला त्यांनी दुसऱ्या बाटलीतलं दिलं, ते चढत असावं, कारण तो लगेच परातीचा प्रयोग सांगायला लागला.

बाप्पा कट्टर मराठीवादी. जेवताना त्यांनी ताटावर हात आपटून मला पटवलं की आपली भाषा मराठीच, आणि हे सगळं त्यांनी अस्सल कोंकणीत पटवलं. त्यांचा पुतण्या कोंकणीवाला. तो मराठी वर्तमानपत्राची घडी उलगडून त्यातला अग्रलेख मोठ्यानं वाचून त्यांना खोडत होता. मी कोल्हापुरी मराठीत मधे काही बोलले, तेव्हा दोघंही थांबले आणि सुलभाकडे वळून विचारते झाले, "किदें म्हणटा ती?"

या गदारोळात बाप्पा सहज बोलून गेले, "बाबूशेठ खोशी आसात. म्हणटात, बार्ज रुंद जाली, आतां चड माल घेतली. कडो परत उंच करून घेतल्यो."

दिगूचा घास हातातच राहिला. "कुणी केल्या?"

"तांणीच. काल. वेल्डर दुसरे हाडले. पयल्या फेरेक सोयऱ्यांक बार्जीर बसोवन मिरवपाचें आसा, तुका सांगलें ना?"

सांगितलं नव्हतंच. तोल राहावा म्हणून दिगूनं बार्ज रुंद केली होती. बाबूशेठांना त्या रुंदीत नुसती रिकामी जागा दिसली. मागच्या वर्षी जिच्यामुळे बार्ज आडवी झाली, तीच उंची त्यांनी पुन्हा चढवली होती, वर पाहुण्यांची हौस. दिगू हात धुवून उठला. सुलभाच्या आईनं सोलकढीची वाटी त्याच्या पाठोपाठ दारापर्यंत नेली, पण तो बाप्पांच्या पुतण्याच्या स्कूटरला किक मारत होता.

सुलभा बापाला म्हणाली, "बाप्पा, मामाक तुमी कित्याक सांगूंक ना?"

बाप्पा भात कालवत राहिले. सुलभाच्या लग्नात मामांनी पुष्कळ केलं होतं. या घरात मामांना कुणी काही सांगत नसे.

धक्का

बाबूशेठांनी दिगूचं ऐकलं नाहीच. "जांवयबापू, तुझी गालगुंडां घट्ट आसात मू? मग भियेता कित्याक?" एवढंच. गोदीच्या मालकानंही खांदे उडवले. त्याचं काम संपलं होतं.

ठरल्या दिवशी भरतीच्या वेळेला आम्ही सगळे खनिज भरायच्या धक्क्यावर होतो. झाडं, कौलं, कुत्री, सगळं एकाच तांबड्या रंगाचं. बार्जला झेंडूच्या माळा, खणात नुकतं धुऊन आणलेलं ओलं खनिज कडांच्याही वर रचलेलं, आणि मागच्या कॅबिनवर तीस-एक खुर्च्या मांडलेल्या. ढीग उंच, त्याहून वर खुर्च्या. सनईवाला आधीच चढून बसला होता. जरीच्या साड्या नेसलेल्या बायका फळीपाशी रांगेत होत्या.

दिगू फळीच्या तोंडाशी उभा राहून ज्याला त्याला विनवत होता, "चढू नका. माल वर गेलाय, ओला आहे." लोकांना वाटलं, हा जावयाचा रुसवा. एकीनं त्याच्या हातात पेढा दिला.

मी इकडेतिकडे पाहत होते. रस्त्यावर बाबूशेठांची गाडी उभी, तोंड पणजीच्या दिशेनं, ड्रायव्हर दार उघडून तयार. मला एकदम शंका आली. वर्गात मागच्या बाकावर पोचतो तो आवाज लावला.

"शेठ, तुमची खुर्ची कुठली?"

"म्हजी?" ते हसले. "हांव पुढें वतां गाडयेन. थंय स्वागत करूंक कोणतरी जाय न्हय?"

"आणि मामी?"

"तीय गाडयेन. तिका पाण्यार घुंवळ येता," कपाळाला हात लावून घेरी दाखवत ते म्हणाले.

रांगेतल्या बायका आधी गाडीकडे पाहू लागल्या, मग ढिगाकडे, मग एकमेकींकडे. एका बाईला आठवलं की घरी गॅस तसाच राहिला. दुसरीला मूल रडेल असं वाटलं, मूल कडेवर हसत होतं. बघता बघता फळी मोकळी झाली. सनईवालाही सनई पिशवीत घालून उतरला.

बाबूशेठ काळेनिळे झाले. "बरें! कोण नाका! माल तरी वतलो. तांडेल, सोड!"

तांडेल जगन्नाथ खांदा चोळत उभा होता. आपली बार्ज आडवी झाली ती राखणदार देवचाराला नारळ चुकला म्हणून, असं त्याचं पक्कं मत होतं, आणि या खेपेला त्यानं चांगले पाच दिले होते. तरी तो जागचा हलेना. "शेटानू, गेल्या वर्षी पाण्यात मी होतंय. तुमी नाय."

"नोकरी करपाची आसा न्हय?"

जगन्नाथनं एकदा नदीकडे पाहिलं आणि चढला. खलाशी त्याच्या मागून. आणि मग दिगूही चढला. सुलभानं हाक मारली, तर तो म्हणाला, "त्यांना उतरवता आलं नाही. पेट्या मी लावल्यात. मी इथं उभा राहून काय बघू?"

बार्ज निघाली. आम्ही बांधावरून तिच्या बरोबरीनं चालत होतो, सुलभा पुढे, जवळजवळ पळतच. सरळ पात्रात ती ऐटीत गेली. पुढे नदी खारफुटीजवळ वळते. तिथे जगन्नाथनं वळवली आणि ढिगाचा माथा नुसता बसला, दही मोडावं तसा. ओलं खनिज डाव्या अंगाला वाहिलं, वरून वाहिलं, कारण उंच कडांमुळे मधल्या भिंतीच्याही वर ढीग होता. बार्ज कलली. आणखी कलली. झेंडूच्या माळा पाण्यात गेल्या आणि मागच्या खुर्च्या एकामागून एक धाडधाड नदीत पडल्या. सुलभानं माझं मनगट धरलं, त्याचे वळ दुसऱ्या दिवशीही होते.

मग डाव्या कुशीची पेटी पूर्ण पाण्याखाली गेली आणि बार्ज थांबली. तशीच, वाकडी, कुणीतरी काखेत हात घालून धरल्यासारखी. भिंतीखालचं खनिज जागेवर राहिलं होतं. वरचं थोडं नदीत ओतलं गेलं, तशी ती हळूहळू हातभर वर आली. जगन्नाथ देवचाराच्या नावानं काहीतरी ओरडत होता, पण हात सुकाणूवर पक्के होते. त्यानं तिला हळूच नेऊन काठच्या चिखलात बसवली.

दिगू गुडघाभर चिखलातून काठावर आला. डोक्यापासून पायापर्यंत तांबडा. सुलभानं त्याला आधी एक थप्पड मारली आणि मग धरून रडली.

दुसरी भरती

दुसऱ्या दिवशी रिकामी करून धक्क्यावर परत आणलेल्या बार्जवर दिगू स्वतः चढला. बेळगावच्या जुन्या वेल्डरांना घेऊन त्यानं उंच केलेल्या कडा कापायला सुरुवात केली. कुणाला विचारलं नाही. बाबूशेठ धक्क्यावर येऊन नाचू लागले, "कोणाक विचारून कापता? फाल्यां परत लायतलों!"

गाडीतून मामी उतरल्या. या बाईंचा आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता. नथ, सोलापुरी चादरीएवढा पदर, आणि चेहऱ्यावर कायम डोकं दुखत असल्याचा भाव. त्या म्हणाल्या, "लायात. पूण पयलीं तुमी बसात."

"कितें?"

"कडो लायल्यार तुमी बसतले तिचेर. ना जाल्यार कापूंक दियात." कडा लावायच्या तर शेठांनी वर बसायचं, नाहीतर कापू द्यायच्या. मग आमच्याकडे वळून, "म्हज्या भाचयेचो घोव आशिल्लो तातूंत."

कडा कापल्या गेल्या. खनिज मूळ उंचीपर्यंतच भरलं, वरून फळीनं सपाट केलं. भरती लागली, जगन्नाथनं सहावा नारळ फोडला. तेव्हा मामी पदर खोचून फळीवरून चढल्या आणि घोवाकडे, म्हणजे नवऱ्याकडे, पाहत उभ्या राहिल्या. घुंवळ कुठे गेली कोण जाणे. काल गॅस, मूल वगैरे आठवलेल्या बायका आज पुन्हा काठावर जमल्या होत्या आणि आता सगळ्यांना भरपूर वेळ होता. बाबूशेठांनी गाडीकडे पाहिलं. ड्रायव्हर आकाशाकडे पाहत होता. शेवटी ते पांढऱ्या वहाणा हातात घेऊन चढले. मी आणि सुलभाही चढलो.

शेठांसाठी मधोमध खुर्ची ठेवली होती. त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि डोळे मिटले. नदी संथ होती, दोन्ही काठांवर माड, खारफुटीत बगळे. कालच्या वळणावर जगन्नाथनं चाक फिरवलं आणि सुलभानं माझा हात शोधला. दिगूनं खिशातून ओळंबा काढून कॅबिनच्या दांडीला टांगला होता. तो जागचा हलला नाही. बार्ज हलत नव्हती, पाणी हलत नव्हतं. बाबूशेठ तेवढे हलत होते.